ताईची तिसरी पाहणी

माझ्या थोरल्या बहिणीच्या पायाला भिंगरी आहे असं आमचे वडील म्हणायचे, तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता बावन्नची आहे आणि वेग वाढलाय. भावोजी सांगतात, लग्न झाल्यापासून त्यांनी एकदाही शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायलेला नाही. कपात चार घोट उरले की ताई कप विसळायला नेते. लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायला गेली, तर पहिल्याच महिन्यात ताई पाच वेळा जाऊन तिचं कपाट लावून आली. सहाव्या वेळी कपाटाला कुलूप होतं. परतीच्या बसमध्ये ताईने शेजारच्या अनोळखी बाईची पिशवी उपसून नव्याने भरून दिली.

ताई गेली नऊ वर्षं कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये कामाला आहे. चाळीस-बेचाळीस कुत्री, त्यांचे पिंजरे धुवायचे, फिनेल मारायचं, भांडी घासायची, औषधाच्या गोळ्या खाण्यात दडवून भरवायच्या. दोघांचं काम ती एकटी करते आणि तिसऱ्याने केलेलं पुन्हा करते. मी पुढच्या खोलीत टेबलाशी बसते. फोन घ्यायचे आणि कुत्रं न्यायला येणाऱ्यांकडून फॉर्म भरून घ्यायचे, एवढंच माझं काम. ही नोकरी मला ताईनेच लावून दिली, हे मी विसरणार नाही याची ती रोज काळजी घेते.

आमच्याकडे एक पद्धत आहे. कुणी कुत्रं घरी नेलं की पहिला महिना तो परीक्षेचा. त्या महिन्यात आमचं माणूस तीनदा त्या घरी जाऊन बघून येतं: खातंय का, झोपतंय का, घाबरलेलं तर नाही ना. याला आम्ही पाहणी म्हणतो. पाहणीत ‘घर योग्य नाही’ असं लिहिलं गेलं की गाडी जाते आणि कुत्रं परत येतं. पाहणीचं काम ताईकडे. दुसऱ्या कुणी ते मागितलंही नाही, कारण ताईच्या हातातलं काम मागणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

मागच्या वर्षी एक अकरा महिन्यांचा तपकिरी कुत्रा आला. बंद पडलेल्या गोदामात खोक्यांच्या मागे सापडला होता. दार आपटलं की तो जागच्या जागी मुतायचा. कुणी केस सारखे करायला हात वर केला तरी भिंतीत शिरायला बघायचा. दिवसभर कोपऱ्यात नाक पोटात खुपसून गोळा होऊन पडलेला, म्हणून ताईने त्याचं नाव ठेवलं बोचकं. दोन महिने ती त्याच्यामागे हात धुऊन लागली. दिवसातून दहा वेळा पिंजऱ्यात जायची, पांघरूण झटकायची, पाणी बदलायची, त्याला हाताने भरवायची. तो फक्त तिच्याच हातून खायचा. खाताना थरथरत असायचा, पण ताई म्हणायची, आनंदाने थरथरतो.

पहिलं घर मिळालं ते निवृत्त शिक्षक आजी-आजोबांचं. पहिली पाहणी तिसऱ्या दिवशी असते, ताई दुसऱ्याच दिवशी गेली. मग तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या. प्रत्येक वेळी बोचकं पलंगाखाली, अंग भिजलेलं, जेवण तसंच पडलेलं. आजी म्हणाल्या, “अहो, आत्ता तर माझ्या पायाशी झोपला होता.”

“माणसं खोटं बोलतात, कुत्री बोलत नाहीत,” ताईने मला येऊन सांगितलं, आणि दहाव्या दिवशी गाडी नेऊन त्याला उचलून आणलं. त्या आजोबांना ती दारात काय काय बोलली ते ड्रायव्हरने मला नंतर सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसरं घर एका नर्सचं. ती आणि तिची बारा वर्षांची मुलगी, तळमजल्यावर दोन खोल्या. तिथेही तेच. आठव्या दिवशी नर्सचा फोन आला, तो मीच घेतला. ती अगदी जपून बोलत होती. “तुमच्या बाई आल्या की तो असा होतो. एरवी माझ्या मुलीबरोबर असतो छान. त्यांना जरा कमी यायला सांगाल का?”

मी सांगते म्हटलं. आणि सांगितलं नाही. ताईच्या तोंडी लागायची माझी हिंमत नव्हती, हे खरं कारण. बाकी मी मनाला दिलेली कारणं पुष्कळ होती. नर्सला वाटलं असेल, मी सांगून पाहिलं. चार दिवसांनी बोचकं परत आलं. मुलगी खोलीतून बाहेरच आली नाही म्हणे, आणि ताईला तेही खटकलं. “एवढा लळा असता तर निरोप द्यायला नसती आली?” ती म्हणाली.

शेल्टरचे डॉक्टर सहसा आवाज चढवत नाहीत. त्यांनी ताईला माझ्या टेबलाशी बोलावून शांतपणे सांगितलं, “आता एकदाच. तिसऱ्यांदा परत आला तर मागच्या जाळीत.” मागच्या जाळीत जी कुत्री जातात ती पुन्हा कुणाला दाखवत नाहीत. तिथे वीसेक कुत्री एकत्र असतात, भुंकतात, भांडतात आणि तिथेच म्हातारी होतात. दाराच्या आवाजाने मुतणाऱ्या जनावराचं तिथे काय होईल हे आम्हा तिघांनाही कळत होतं. त्या आठवड्यात ताईने घरातले सगळे पडदे दोनदा धुतले.

तिसरा माणूस आला तो बाइंडर. वह्या-पुस्तकं बांधणारा, साठीचा, अंगाने भारी, चालायला लागला की पोहोचेल की नाही शंका यावी असा. बोचक्याच्या पिंजऱ्यापाशी तो वीस मिनिटं उभा होता आणि तेवढा वेळ भिंतीवरची लसीकरणाची पाटी वाचत होता. कुत्र्याकडे बघितलंही नाही. ताई माझ्या कानात म्हणाली, “हा माणूस आहे की पोतं?” मग तिने त्याची उलटतपासणी घेतली.

“फिरायला नेणार ना?”

“घर ते दुकान, दुकान ते घर. तेवढंच चालतो मी.”

“त्याच्याशी खेळणार?”

“नाही.”

“मग कुत्रा हवाय कशाला?”

त्याने विचार केला. “दुकानात उंदीर कागद कुरतडतात. कुत्र्याच्या वासाने येत नाहीत म्हणतात.”

ताईने तिथेच नाही म्हटलं असतं, पण डॉक्टरांनी मागून येऊन फॉर्मवर सही केली. त्या दिवशी ताई माझ्याशी बोलली नाही, जणू मीच तो बाइंडर शोधून आणला होता.

पहिले सहा दिवस ती रोज गेली. बोचकं कागद कापायच्या यंत्राखाली, ओलंचिंब, डोळे पांढरे. बाइंडर सुईने पानं शिवत बसलेला, ढिम्म. सहाव्या दिवशी ताईने सांगून टाकलं की उद्या गाडी घेऊन येते. मागची जाळी परवडली पण हा दगड नको, असं काहीतरी ती बोलली. बाइंडरने दोरा दाताने तोडला.

“बाई, रागावू नका. तो तुम्हाला बघून असा होतो. तुम्ही गेलात की थोड्या वेळाने बाहेर येतो आणि त्या कातरणांच्या खोक्यात झोपतो.”

“मी त्याला हाताने भरवलंय.”

“भरवलं असेल. पण तुम्ही आलात की मागून गाडी येते आणि घर जातं. दोनदा गेलंय, तुमच्या फॉर्मवर वाचलं मी. एवढं तर मलाही कळलं असतं.” त्याने सुईत नवा दोरा ओवला. “समोर चष्म्याचं दुकान आहे. उद्या सकाळी तिथे बसा, इकडे येऊ नका. मग काय लिहायचं ते लिहा.”

सोनारानेच कान टोचावे लागतात म्हणतात. मी सख्खी बहीण असून जे बोलले नाही ते त्या परक्या माणसाने दोरा ओवता ओवता सांगितलं. ताई तिथून थेट माझ्या घरी आली ती फणफणत, त्याचं बोलणं शब्दाशब्दाने सांगत. उद्या तू चल माझ्याबरोबर, साक्षीला, म्हणाली. तो खोटा पडला की तिला कुणीतरी हवं होतं बघायला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही दोघी चष्मेवाल्याच्या बाकावर, डोळे तपासायला आलेल्यांच्या रांगेत. काचेतून समोरचं दुकान सरळ दिसत होतं. ताईचा एक पाय सारखा हलत होता आणि बाकही. पंधरा मिनिटांत तिने हाताला लागतील तेवढ्या चष्म्यांच्या फ्रेमा पदराने पुसल्या. चष्मेवाल्याने येऊन उरलेल्या फ्रेमा उचलून वरच्या फळीवर ठेवल्या. माझाही जीव टांगणीला होता. तो बाइंडर खोटं बोलत असला तर बोचक्याचं काय, आणि खरं बोलत असला तर माझं काय, हे दोन्ही माझ्या डोक्यात घोळत होतं.

साडेदहाच्या सुमाराला बोचकं बाहेर आलं. दुकानाला एक फेरी मारली, खळीच्या भांड्याचा वास घेतला, एका फायलीचा कोपरा चघळला. मग कातरणांच्या खोक्यात चढून दोनदा गोल फिरलं आणि आडवं झालं. चारी पाय पसरून, एक पाय खोक्याबाहेर.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि त्याचा धक्का लागून लोखंडी शटर दणकन वाजलं. ताईने माझं मनगट धरलं. कुत्र्याने मान उचलली आणि बाइंडरकडे बघितलं. बाइंडर शिवतच होता. कुत्र्याने मान परत खाली ठेवली.

आम्ही बारापर्यंत बसलो. ताईचा पाय कधी थांबला ते माझ्या लक्षात आलं नाही.

“हा पाय पसरून झोपतो,” ती म्हणाली. खूप वेळाने पुन्हा म्हणाली, “म्हणजे त्या आजी खोटं बोलत नव्हत्या.”

“नाही.”

“आणि ती नर्स?”

तेव्हा मी फोनचं सांगितलं. सगळं, तिच्या शब्दांत. आता ताई तोफ डागणार म्हणून मी पर्स छातीशी धरून बसले.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू ऐकलं असतंस?”

“नसतं ऐकलं,” ताई म्हणाली. “तरी सांगायचं होतंस.” हे ती हळू आवाजात बोलली आणि तेच मला जास्त लागलं. मला रडू आलं. चष्मेवाल्याला वाटलं नंबर वाढलाय, त्याने मला आत बोलावलं.

ताईने चष्मेवाल्याचंच पेन घेऊन पाहणीचा फॉर्म भरला. खातो का, हो. झोपतो का, हो. घर योग्य आहे का, तिथे पेन जरा थांबलं, मग हो. पुढच्या पाहणीसाठी तिने माझं नाव लिहिलं. बस स्टॉप बाइंडरच्या दुकानापलीकडे होता. आम्ही तीन गल्ल्या फिरून मागच्या बाजूने गेलो, भर उन्हात, वारा आमच्याकडून दुकानाकडे नाही ना हे ताई दोनदा थांबून बघत होती.

शेल्टरमध्ये आल्याबरोबर तिने माझ्याकडे दोन्ही घरांचे नंबर मागितले. मी म्हटलं उद्या कर, जरा शांत हो. ऐकेल तर ती ताई कसली. फोन स्पीकरवर ठेवून ती टेबलापुढे येरझाऱ्या घालत बोलायला लागली. आजींनी मोठ्या मनाने असू दे म्हटलं आणि आजोबांना काही कळवू नका, त्यांचं ब्लडप्रेशर वाढतं, असंही म्हटलं.

नर्सच्या घरी फोन मुलीने उचलला. आई कामावर होती. ताईने आपण कोण ते सांगितलं.

“तुम्ही त्याला परत देणार आहात का?” मुलीने विचारलं.

“नाही गं बाळा. सॉरी म्हणायला फोन केला. आता चांगला आहे तो. घर मिळालं त्याला.”

“त्याला होतं ना घर,” मुलगी म्हणाली.

ताईने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग तिकडून फोन बंद झाला.