पेटत्या विस्तवावर पाणी

पऱ्हाट्यांचा कोळसा करून तो मातीत मिसळतात, हे बचत गटाच्या बायकांबरोबर शेजारच्या गावात पाहून आले, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझं असंच आहे. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की घरच्यांचे कान किटेपर्यंत मी गप्प बसत नाही. वेचणी संपली की आम्ही कपाशीची वाळकी झाडं, याच पऱ्हाट्या, उपटतो आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधाला, पेटवून देतो, सगळा धूर आभाळात. तोच माल कोळसा होऊन पिढ्यान् पिढ्या जमिनीत राहतो, पाणी धरतो, आणि हवा तापवणारं जे वर जायचं त्यातलं बरंचसं खालीच थांबतं! वाटेत भेटेल त्याला मी हे सांगत सुटले.

पाणी धरणारी मातीच तर मला हवी होती. विहिरीमागचा बरड तुकडा माझा. कागदावर नाही, पण तिथं वांगी लावायची मी, तोडायची मी, सेलूच्या बाजारात विकायची मी. ऊन चढलं की झाडं माना टाकायची. यंदा नवऱ्याने सांगूनच टाकलं होतं, "या बारीनं वांगे जळाले तं आखाजीनंतर तिथं गोठा बांधतो." आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. तुकडा गेला असता तर मी पुन्हा दुसऱ्याने दाखवलेल्या ओळीत निंदत बसले असते. ते मला नको होतं.

नवऱ्याने कुरकुरत का होईना, तळाशी निमुळता खड्डा खणून दिला. पऱ्हाट्या थराथराने टाकायच्या, वरून पेटवायच्या, पांढरी राख दिसू लागली की दुसरा थर. धूर जवळजवळ नाहीच! मी टाळ्या पिटल्या, खरंच पिटल्या. आता शेवटी पाणी ओतून सगळं झटक्यात विझवायचं, नाहीतर राख होते. मी बादली उचलली आणि सासूबाईंनी माझा हात धरला.

"पेटत्या इस्त्यावर पानी टाकते काय वं? घरात मेलं काय कोनी?"

आमच्याकडे चूलसुद्धा राखेखाली झाकून निवू देतात. पाणी पडतं ते मसणातल्या विस्तवावर. मी परोपरीने समजावलं, पण बाई बादलीवर हात ठेवून खड्ड्याच्या काठी बसली ती बसलीच. "निवू दे त्याले आपल्या मनानं."

निवला. सकाळी खड्ड्यात नुसती राख होती. रागाने मी दिवसभर बोलले नाही, आणि मी न बोलणं म्हणजे लग्नघरचा लाऊडस्पीकर बंद पडणं. संध्याकाळी सासूबाई खड्ड्याशी आल्या, राखेत हात घालून पाहिला.

"एवढंच उरलं? मंग वांग्याचं कसं?"

"जळतील," मी म्हणाले. "अन् गोठा होईन."

त्यांनी राखेचा हात पदराला पुसला. जन्मभर त्यांनी दुसऱ्याने सांगितलं तिथंच निंदलं होतं.

उरलेल्या पऱ्हाट्यांचा दुसरा खड्डा पेटवला, तेव्हा शेवटी मी बादली घेऊन त्यांच्याकडेच पाहत राहिले. त्यांनी पदर खोचला, आगीला हात जोडले. "माफ कर रे बाप्पा, पोरीच्या वांग्यासाठी करून राह्यली." आणि बादली स्वतः ओतली. छर्रर्र! वाफ विरली आणि काळाभोर, खणखणीत कोळसा! मी त्यांना मिठीच मारली. दोघींनी तो कुटला, शेण-गोमूत्रात भिजत घातला, चांगला मुरल्यावर मातीत मिसळला आणि वर रोपं लावली.

उन्हाळा तापला. मी रोज दुपारी पाहायला पळायचे. झाडं ताठ! जांभळी वांगी लटकलेली!

वांगी टिकली तरी आखाजी झाल्यावर नवरा सुतळी आणि खुंट्या घेऊन आलाच. गोठ्याच्या लाकडी बल्ल्या आणून ठेवल्या होत्या ना. "यंदा टिकले," तो म्हणाला, "दरसाल थोडीच टिकन?"

सासूबाई टोपलं घेऊन ओळीतून उठल्या.

"गोठा तिकडं बाभळीखाली बांध. या तुकड्यासाठी म्या माह्या हातानं पेटता इस्तो इझवला हाय."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि खुंट्या उचलून बाभळीकडे निघाला.