पिठीसाठी लावलेलं रोप

विनोदिनीच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या शेजारच्या सगुणभावजींनी, सगळं सांगून बघितलं. पाटल्या भाचीला देईन म्हणाले, घराला रंग लावीन म्हणाले. कावळे फांदीवर बसून ऐकत राहिले. शेवटी भावजी म्हणाले, "तुझ्या पिठीला सांभाळीन." लगेच कावळा खाली आला. आमच्या हळर्ण गावात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. पिठी म्हणजे विनोदिनीची मांजर.

पण बायको गेली म्हणून भावजींनी वर्षभरासाठी मासळी सोडलेली. डाळभात बघून पिठी कुंपण ओलांडून माझ्याकडे आली ती आलीच. मी बोलावली नव्हती. मी एकटी बाई, बांगड्याचं डोकं कुणाला तरी घालावंच लागतं.

भावजींनी काय करावं? पुण्याच्या भाचीकडून कॅटनिपचं बी मागवलं. मांजरं म्हणे त्या पाल्याच्या वासाला भुलतात. दिवाळीनंतर कुंडीत पेरलं, अर्ध्या सावलीत ठेवलं, मांजरांनी कोंब उपटू नयेत म्हणून वर कोंबड्यांचं डालगं झाकलं. रोज बेतानं पाणी. विनोदिनीच्या अबोलीला या माणसानं जन्मात पाणी घातलं नव्हतं.

रोप पुदिन्यासारखं वाढलं. डालगं काढलं तशी वाडीवरची सगळी मांजरं हजर. पिठीही गेली. पानं हुंगली, गाल घासले, लोळली. भावजी पायरीवर बसून तोंडभर हसत होते. तेवढ्यात माझ्या चुलीवरच्या बांगड्याच्या हुमणाचा वास सुटला. पिठी अंग झाडून उठली नि माझ्या दारात आली.

मागोमाग भावजी. "वयनी, मी तिला शब्द दिलाय." डोळ्यांत पाणी.

माझं डोकंच फिरलं. "शब्द मांजरीचा दिलात. मासळी सोडा असं विनोदिनी कधी म्हणाली? बांगड्याशिवाय तिला घास जात नव्हता."

ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मासळीवालीला हाक मारली. हुमण केलं, कसलं ते देव जाणे. अर्धं पिठीला वाढलं, अर्धं स्वतः घेतलं. जेवताना रडले, मला कुंपणावरून दिसलं. बरं वाटलं.

त्यानंतर पिठी माझ्याकडे फिरकली नाही. मी बांगड्याचं डोकं पायरीवर ठेवून बघितलं. मुंग्या आल्या.

मग एके सकाळी कुंपणाशी गेले. "भावजी," म्हटलं, "त्या रोपाची एक फांदी मोडून द्या. माझ्याकडे कुंडी रिकामीच आहे."