पांढऱ्या कापडाचे दिवस

आमच्या बौद्ध समाजात नवरी पांढरी साडी नेसते, आणि बिबवेवाडीतल्या आमच्या भागात तिचा ब्लाउज बहुतेक वेळा माझ्याच मशीनवर शिवला जातो. मशीन हॉलमध्ये, खिडकीखाली. त्याच हॉलमध्ये आम्ही जेवतो, मुलगी अभ्यास करते, सासूबाई टीव्ही बघतात. त्यामुळे पांढरं कापड घरात आलं की मी हळद बंद करायचे. डबाच वरच्या फळीवर. वरण पांढरं, बटाट्याची भाजी पांढरी, पोहेसुद्धा पांढरे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा जिन्यात विचारलं, घरी कुणी पथ्यावर आहे का? मी म्हटलं, नाही, सगळे ठणठणीत आहेत, नुसते चिडलेले आहेत.

चिडलेले होतेच. सासूबाई भंडाऱ्याकडच्या, हळदी-तिखटाशिवायचं जेवण त्यांच्या लेखी जेवणच नव्हे. नवरा हडपसरच्या कारखान्यातून दमून यायचा आणि ताटाकडे बघून गप्प बसायचा. एका संध्याकाळी तो बोललाच. कोपऱ्यावर एक गाळा रिकामा झाला होता. मशीन तिकडे हलव, नाहीतर शिवण बंद कर, घराची खानावळ झालीय आणि तीही बेचव, असं त्याचं म्हणणं. पण गाळा म्हणजे सकाळी जायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं. मुलगी शाळेतून येऊन दप्तर टाकते तेव्हा मला तिथं असायचं होतं. मशीन घेतलं होतं तेच त्यासाठी. हातातला नवरीचा ब्लाउज होऊ दे, मग बघू, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

ते लग्न नेमकं मुलीच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी आलं. तिला पाटवडीचा रस्सा हवा होता. माझ्या वाढदिवसाला तरी पांढरं नको, एवढंच ती म्हणाली. मी हळदीचा डबा खाली काढला. ब्लाउज जवळजवळ तयार होता, हुक तेवढे राहिले होते. तो चादरीत गुंडाळून मशीनवर ठेवला आणि बेसन घोटायला घेतलं.

वड्या पाडता पाडता सासूबाईंना वाटलं, ताटांना जागा करावी. त्यांनी ते गाठोडं उचललं. चादर सुटली आणि बाहीवर पिवळा अंगठा उमटला. मला हाक मारायच्या ऐवजी त्यांनी बाही नळाखाली धरून साबण चोळला. साबणानं हळद लाल होते हे त्यांना काय माहीत नव्हतं? पण घाबरलेल्या माणसाचा हात आधी साबणाकडेच जातो.

"साबन लावला तं लालच झालं न," त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या.

नवरा नुकताच घरात शिरला होता. म्हणून सांगत होतो, आता उद्याच गाळ्याचं बोलून येतो, असं तो म्हणाला. मुलगी तोंड एवढंसं करून उभी होती, जणू तिनंच काही मागून गुन्हा केला होता. तिचा तो चेहरा पाहून माझं डोकं फिरलं.

"मशीन इथून हलणार नाही," मी म्हटलं. "काही हलवायचंच असेल तर जेवण हलवा. वर गच्ची आहे. आजपासून ताटं तिकडे."

मी उरलेल्या कापडातून नवी बाही बेतायला घेतली. कात्री सरळ चालली. मागे भांड्यांचा आवाज झाला म्हणून वळून पाहिलं, तर गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणाऱ्या सासूबाई रश्शाचं पातेलं घेऊन दाराबाहेर पडत होत्या. त्यांच्यामागे मुलगी ताटं घेऊन निघाली. शेवटी नवराही चटई उचलून गेला.

बाही जोडली, हुक लावले, ब्लाउज इस्त्री करून कपाटात ठेवला. गच्चीवर गेले तर रस्सा गार झाला होता. वाढदिवसाच्या मुलीसकट कुणीही घास घेतला नव्हता. माझं पान मांडून सगळे बसून होते.

"गाळेवाल्याला नाही म्हणून सांगतो," नवरा म्हणाला, आणि त्यानं पहिली वडी माझ्या ताटात वाढली.