लाभ म्हणजेच एक

अजून आठवलं की डोकं सणकतं. सोयाबीनच्या पीक स्पर्धेत बापानं भाग घेतला, तो काही बक्षिसापायी नाही. दर साली दिवाळी झाली की आम्ही ऊसतोडीला जायचो, म्हणून गाव आम्हाला 'ऊसतोड्याचं घर' म्हणायचं. बापाला एकदा तरी शेतकरी म्हणवून घ्यायचं होतं. त्यासाठी त्यानं अन् आईनं दोरी धरून, वाकून वाकून, सगळं बी हातानं टोकलं. पीक असं आलं की केजहून धारूरला जाणारी माणसं गाडी थांबवून बघायची.

समितीसमोर मळणी झाली. स्पर्धेत गावचा पुढारी अन् समितीत त्याचाच मेव्हणा! शेतीखात्याचा साहेब तेवढा बाहेरच्या जिल्ह्यातून नवा आलेला. सारख्या वजनाचे कट्टे भरायचे अन् मोठ्यानं मोजत बाजूला ठेवायचे, असं ठरलं. बापानं राशीला हात जोडले, पहिला कट्टा उचलला अन् म्हणाला, "लाभ." मग दोन, मग तीन. आमच्याकडं राशीवर कुणी 'एक' म्हणतच नाही. पहिलं माप म्हणजे लाभ, हे शेंबड्या पोरालाही माहीत.

पुढाऱ्यापेक्षा आमचा माल जेमतेम अर्धा कट्टा वर भरला. तसा मेव्हणा उठला. "साहेब, ह्यो एक कुठं म्हणला? दोनपासून धरा. पैला कट्टा आदीच भरून ठिवला असंल."

साहेबानं विचारलं, "लाभ म्हणजे काय?"

खळ्यावर निम्मं गाव उभं होतं. एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. मेल्यांनो, तुमच्या राशी काय वेगळ्या मोजता का? मीच ओरडले, "साहेब, लाभ म्हणजेच एक! इचारा की ह्यांना!"

"पोरीच्या जातीनं मधी बोलू न्हाई," मेव्हणा म्हणाला. माणसं आपापल्या चपलांकडं बघत राहिली. साहेबानं एक कट्टा कमी धरला. पुढाऱ्याला फेटा बांधला तेव्हा याच माणसांनी टाळ्या पिटल्या. थू!

दिवाळीनंतर आई ऊसतोडीला न्यायची ज्वारी मापायला बसली. सवयीनं म्हणाली, "लाभ." जन्मात तिच्यावर आवाज न चढवलेला माझा बाप ताडकन उठला.

"एक म्हण! एक!"

घाबरून ती 'एक' म्हणाली. नंबर नेला तर नेला. माझ्या बापाच्या तोंडातला शब्द नेला, त्यांचं वाटोळं होवो.