जिन्याच्या तोंडावरची फळी

लेक रांगायला लागली आणि मला जिन्याची भीती वाटू लागली. त्याआधी तीन वर्षं मी तोच जिना दिवसातून दहा वेळा चढत-उतरत होते.

कतारगाममधल्या जुन्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. खाली गुजराती घरमालकीण एकटी राहायची. सगळी गल्ली तिला बा, म्हणजे आई, म्हणायची, म्हणून मीही. आम्ही मूळचे अमळनेरकडचे. नवरा जवळच्याच लूमच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळीला जायचा, मी घरात बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचे.

जिना लाकडी, शिडीसारखा उभा. तेरा पायऱ्या आणि प्रत्येकीची उंची वेगळी. वरच्या तीन पायऱ्या वळणावरच्या, भिंतीकडे पाऊल मावेल एवढ्या आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम चार बोटं. धरायला वरून सोडलेला एक जाड दोर. जिना संपला की थेट आमची खोली, मध्ये दार नाही. खोलीतल्या त्या चौकोनी पोकळीला तीन बाजूंनी लाकडी कठडा होता, उतरायच्या तोंडाशी मात्र काहीच नव्हतं.

कठड्याच्या गजांमधून लेकीचं डोकं जाईल असं वाटलं म्हणून मी जुनी साडी गजांतून आत-बाहेर विणून घट्ट ताणली. तोंडासाठी नवऱ्याने दुकानातून तयार फाटक आणलं. दोन्ही बाजूंना स्क्रू आवळायचे आणि ते दाबाने अडकून बसायचं. पण आमच्याकडे एका बाजूला चुन्याची भिंत, दुसऱ्या बाजूला गोल खांब. आवळलं की भिंतीचा चुना भुरभुरायचा. शेवटी बसलं असं वाटलं, तेव्हा नवऱ्याने हाताने जरा ढकलून पाहिलं. फाटक सुटलं आणि तेरा पायऱ्या आपटत खाली गेलं.

खालून बा ओरडली, "कोण पडलं?"

"फाटक पडलं, बा," मी म्हटलं. लेक त्याला धरून उभी राहिली असती तर?

भिंतीत भोकं पाडून पक्कं फाटक लावू का, असं मी बाला विचारायला गेले. ती ओट्यावर मेथी निवडत होती. "भींतमां काणुं नहीं पाडवानुं," तिने मान वर न करता सांगितलं. सासऱ्याच्या वेळची भिंत, एक भोक पाडलं की सगळा चुना उतरेल, म्हणाली. "माझी चार पोरं याच जिन्यावर मोठी झाली. आम्ही काय फाटकं लावली होती?"

"एकही पडलं नाही?"

तिने पुढची जुडी ओढली आणि मेथी निवडत राहिली.

मग नवऱ्याने कारखान्यातून एक जाड फळी आणली, गुडघाभर उंचीची. ती तोंडावर आडवी लावून एक टोक खांबाला, दुसरं भिंतीलगतच्या कठड्याच्या शेवटच्या गजाला दोरीने करकचून बांधलं. पोर सरकवू शकत नव्हती, आम्ही मात्र ओलांडून जाऊ शकत होतो. "पोरगी कडेवर असली की ओलांडायचं नाही," त्याने बजावलं. "आधी तिला पाळण्यात टाकायचं, मगच खाली जायचं."

दोन महिने मी ते पाळलं. तरी एक कान सतत जिन्याकडे असायचा. टिकली चिकटवताना फळी जरा वाजली तरी हातातली साडी टाकून धावायचे. लेक फळीला धरून उभी राहायची, पलीकडच्या काळोखात वाकून बघायची आणि माझ्याकडे वळून हसायची.

ती दहा महिन्यांची होती. दुपारी व्यापाऱ्याचा माणूस तयार साड्या न्यायला आला आणि दारात हॉर्न वाजवत राहिला. लेक तापाने किरकिरी झालेली, पाळण्यात ठेवलं की श्वास कोंडेपर्यंत रडायची. मी गठ्ठा फळीपलीकडे पायरीवर ठेवला. दोनच मिनिटांचं काम, असं मनाशी म्हटलं आणि तिला उजव्या कडेवर घेऊन उजवा पाय पलीकडे टाकला.

डावा पाय उचलला तेव्हा गाऊनची कड फळीच्या कोपऱ्यात अडकली.

दोर माझ्या उजव्या हाताला होता आणि उजव्या हातात पोर होती. मी तिला छातीशी आवळलं, अंग भिंतीकडे वळवलं आणि पाठीवर घसरत गेले. गठ्ठा माझ्यापुढे गडगडत गेला. पाच पायऱ्या की सहा, कळलं नाही. डावा हात कुठेतरी पाठीखाली मुडपला. थांबले तेव्हा सगळं शांत होतं. लेकही शांत होती. तो क्षण मला आजही नको वाटतो. मग ती रडली, मोठ्याने, नेहमीसारखी.

"हलती नहीं!" खालून बा ओरडली. हलू नको. आणि ती वर येऊ लागली, दोन्ही हात पायऱ्यांवर टेकत, गुडघे ओढत. आम्ही राहायला आल्यापासून तिला जिना चढताना मी कधीच पाहिलं नव्हतं. माझ्याजवळ पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

"छोकरीने मने आप."

मला द्यायची होती, पण हात उघडेना. तिने माझी बोटं एकेक करून सोडवली, लेकीला पोटाशी धरलं आणि पायरीवर बसून, एकेक पायरी बसूनच सरकत खाली गेली.

व्यापाऱ्याच्या माणसाने रिक्षा आणून मला दवाखान्यात नेलं आणि नवऱ्याला फोन केला. तो आला तो केसांत कापसाची लव घेऊनच. "तुले लागनं का? पोर कोठे शे?" पोर घरी बाजवळ होती. तिला ओरखडाही आला नव्हता. माझं मनगट मोडलं होतं.

संध्याकाळी तो म्हणाला, "मी सांगितलं होतं ना, कडेवर घेऊन ओलांडायचं नाही म्हणून."

"आणि फळी कोणी बांधली?" मी म्हटलं.

मग तो म्हणाला, घर बदलू, शहराबाहेर सचिन भागात खोल्या मिळतात. तिकडेही वरच्याच मजल्यावर मिळतील, मी म्हटलं. प्लास्टरमधला हात ठणकत होता. त्याने उठून फळी सोडली, आणि मग मोकळ्या तोंडाशी स्वतःच बसून राहिला, कारण लेक जागी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बा पुन्हा जिना चढून आली. मागे सुतार होता. ती माझ्या खाटेवर बसली, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "माझा मोठा पडला होता. तू विचारलंस तेव्हा बोलले नाही." तो दीड वर्षाचा होता, वरून तिसऱ्या पायरीवरून थेट खाली. वाचला, पण एका कानाने ऐकू येणं गेलं. सासूने तेव्हा सगळा दोष तिच्यावर टाकला होता. त्यानंतर घरात कोणी ती गोष्ट काढली नाही.

मग ती सुताराकडे वळली. "जेटलां काणां पाडवां होय एटलां पाड." हवी तेवढी भोकं पाड.

सुताराने भिंतीत विटेपर्यंत लांब स्क्रू घालून जाड उभी पट्टी बसवली. चुना खरंच थाळीएवढा उतरला, बाने तिकडे पाहिलंही नाही. पट्टीला बिजागऱ्या लावून छातीएवढं उंच फाटक लावलं, खोलीच्या आत उघडणारं. कडी जिन्याच्या बाजूला, पोरीचा हात पोचणार नाही अशी. ओलांडायचं काही उरलं नाही. भिंतीलगत धरायला दांडाही बसवला.

"फाटकाने भागणार नाही," बा म्हणाली. "तिला उतरायला शिकव."

मला ते ऐकवेना. पण ताप उतरल्यावर रोज दुपारी ती लेकीला खालच्या तीन पायऱ्यांवर घेऊन बसायची. "ऊंधा पगे," म्हणायची, आणि तिला पोटावर पालथी करून पाय आधी खाली सोडायला लावायची. लेक पाय चाचपायची, पायरी लागली की हसायची. मी एका हाताने दांडा धरून उभी राहायचे. प्लास्टर निघालं तोवर ती सहा पायऱ्या उतरत होती.

चौदाव्या महिन्यात ती पहिल्यांदा वरपासून उतरली. मी एक पायरी खाली, दोन्ही हात तिच्या मागे धरून. वळणावर ती थांबली. पाय हवेत फिरला, पायरी सापडेना. मला तिला उचलून घ्यावंसं वाटत होतं. खाली बा उभी होती. मग लेक स्वतःच भिंतीकडे सरकली, रुंद बाजूला, आणि तिचा पाय टेकला.

तळाशी पोचल्यावर तिने आमच्या दोघींकडे पाहिलं, वळली आणि लगेच पुन्हा वर चढायला लागली. मी तिच्या मागे निघाले.