रुमालाखालचं संत्रं

पुंडलिकराव जादू करतात हे आमच्या सौंसर गावात बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं, आणि तेच त्यांचं दुखणं होतं. ते जादू करून मोकळे व्हायचे आणि समोरचा विचारायचा, "मंग, सुरू कवा करता?" आमच्याकडे चहाला आले की तबकातली सुपारी नाहीशी करत. मला वाटे, संपली. मी दुसरी ठेवायची. त्यांचा चेहरा पडला की कळायचं, आत्ता काहीतरी होऊन गेलं.

शेजारच्या उषाबाईंचे हे यजमान, घरजावई. सासरे रघुनाथराव संत्र्यांचे अडते, आणि सौदे करायचे पुंडलिकराव. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत. वानगीचं, म्हणजे नमुन्याचं, एक संत्रं दाखवायचं, हातावर रुमाल टाकायचा. घेणाऱ्यानं खालून हात घालून भावाइतकी बोटं दाबायची. विकणाऱ्याकडून उलट बोटं दाबली गेली की सौदा झाला, मग तो फिरत नाही.

पांढुर्ण्याचे जादूगार दत्तात्रय वेगळे. आरशाचे तुकडे लावलेला कोट, तोंडातून जाळ, आणि बायकोला पेटीत घालून वर करवत. ती आतून ओरडायची, "जपून हो, लुगडं नवं हाये!" लोक बाकांवर चढायचे.

"वहिनी, जाळ तर चूलही काढते," पुंडलिकराव म्हणत. "जादू झाली हेच कळू नये, तिले म्हणतात जादू."

"मग टाळी कोण वाजवणार?" असं विचारलं की ते तबकातली आणखी एक सुपारी नाहीशी करत.

छप्पन साली राज्यं बदलली. नागपूरचे आम्ही एका सकाळी भोपाळचे झालो. विहीर, तुळस, दाराची कडी, सगळं जागच्या जागी. "पाहा वहिनी, याले म्हणतात सफाई!" पुंडलिकराव भारावून गेले होते. नव्या राज्याच्या निमित्तानं शाळेच्या मैदानात कार्यक्रम ठरला, त्यात दोघांचीही जादू. रघुनाथरावांनी बजावलं, "जावईबापू, एक टाळी वाजली तर जन्मभर करा. नाही वाजली तर हे खूळ बंद."

दत्तात्रयांनी बायको कापली, जोडली; मैदान दणाणलं. मग पुंडलिकराव आले. साधा सदरा, हातात एक संत्रं. खाली उतरून पहिल्या रांगेतल्या सासऱ्यांना त्यांनी ते दाखवलं, "मामाजी, खरं हाये ना?" वाकून नमस्कार केला, मंचावर गेले, मुठीवर रुमाल टाकला आणि नुसते उभे राहिले. सभा वाट पाहत राहिली. कोणीतरी जांभई दिली.

तेवढ्यात बोरगावचे व्यापारी रामाजी उठले. संत्रं दिसलं, रुमाल दिसला. माणूस किती वेळ बसणार? मंचावर चढून त्यांनी सरळ रुमालाखाली हात घातला. पुंडलिकरावांची बोटं सवयीनं दाबली गेली.

"पक्का!" रामाजी म्हणाले.

"काय पक्का?" रघुनाथराव ओरडले. "माल कोणता?"

"आता वानगी पाह्यली ना! तसाच माल."

रुमाल उचलला. हात रिकामा.

पुंडलिकरावांची जादू गावाच्या प्रथमच लक्षात आली, कारण आता संत्र्याला मालक होता. "माझी वानगी कुठी गेली?" रामाजी कडाडले. पडदा झटकला, दत्तात्रयांच्या बायकोला पुन्हा पेटीत उतरवून शोधायला लावलं. अखेर पुंडलिकराव हळूच बोलले, "मामाजींच्या कोटाचा खिसा पाहा."

संत्रं निघालं. टाळी नाही.

"रघुनाथराव, या वयात?" मागून आवाज आला. "घरी ढीग पडले असून?"

"अबे, मी नाही घेतलं! जावयानं जादू केली!"

"काहीही सांगून राहिले," रामाजी म्हणाले. "आमी सारे पाहून राहिलो होतो. ते तर हललेबी नाही."

"तेच तर! कोणाले दिसलं? माझ्या खिशात गेलं, मले तरी दिसलं? लय मोठा कलावंत हाये तो! वाजवा बे!" आणि रघुनाथराव उभं राहून एकटेच जिवाच्या आकांतानं टाळ्या वाजवू लागले. उषाबाईंनी वाजवल्या, मी वाजवल्या. बाकीच्यांनी मात्र वानगी आधी रामाजींच्या हातात पडू दिली, मग वाजवल्या.