अमेरात ते गाला, देवासह आणि देवाविना

परदेशातून शिकून परत आलं की वाटतं, आता धक्के आपण द्यायचे आणि घरच्यांनी खायचे. निदान मला तरी तसं वाटलं होतं. स्कॉटलंडमधून मी मस्कतला आईबाबांकडे आले ती डोक्यात एक विचार पक्का करून. देव आहे की नाही हे मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही, आणि हे चारचौघांत मोठ्यानं सांगायला हवं! त्यानंतर जेवढे धक्के बसले ते सगळे मलाच. तेही बहुतेक एकाच गाडीत. आमच्या गाडीच्या डिकीत कुणाचा डबा, कुणाचं खजुराचं खोकं, पाण्याच्या बाटल्या असं सामान साठत जातं आणि उतरवायचं राहून जातं, तसे हे किस्से साठलेत. आज थोडे उतरवते.

गाडी हमीदभाईंची. ते रत्नागिरीकडचे, मला इथे नोकरी लागली त्या कंपनीत स्टोअर सांभाळतात. रोज सकाळी अल अमेरातहून डोंगर ओलांडून गालाच्या ऑफिसात आम्हा तिघांना तेच नेतात. पुढच्या सीटवर सोमणकाका, पुण्याचे, ड्रॉइंग विभागातले. मागे केरळच्या जेसी आंटी, अकाउंट्समधल्या, आणि त्यांच्या शेजारी मी.

•

पहिल्याच दिवशी कळलं की या गाडीला किल्लीशिवाय आणखीही काहीतरी लागतं.

हमीदभाई बिस्मिल्ला म्हणाले. जेसी आंटींनी छातीवर क्रूस काढला. सोमणकाका डोळे मिटून अथर्वशीर्ष पुटपुटायला लागले. त्यांचं संपलं. गाडी जागची हलेना.

हमीदभाई आरशातून माझ्याकडे बघत होते. "तुझं झालं काय गो, बाय?"

"माझं काही नसतं," मी म्हणाले. "मी अज्ञेयवादी आहे."

"असू दे की," ते म्हणाले. "किती वेळ लागतो त्याला? घे म्हणून, आम्ही थांबतो!"

•

जेसी आंटी मात्र थबकल्या.  मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "मोळे, मेरा जोबिन भी सेम बोलता है."

मोळे म्हणजे मुली. आणि जोबिन म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. इथेच मस्कतमध्ये वाढला, आता आयर्लंडमध्ये नर्स आहे. त्याच हॉस्पिटलमधल्या नोराशी त्याचं लग्न ठरलं होतं, आणि ते चर्चमध्ये होणार नव्हतं. सरकारी कचेरीत, सह्या करून! देवाबद्दल मला खात्री वाटत नाही, असं त्यानं आईला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. आंटींनी फोन ठेवला तो ठेवलाच. तेव्हापासून मायलेकांचं बोलणं बंद.

"चर्च नहीं तो शादी नहीं. मैं नहीं जाएगी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून अगदी मनापासून विचारलं, "तुम्हारा मम्मी ने क्या गलती किया था?"

धर्मावर वाद घालायला मी केव्हाही तयार असते. पण हा प्रश्न माझ्या आईसाठी होता!

•

आंटींचं मन वळवायचं मी मनावर घेतलं. म्हटलं, उदाहरणं द्यावीत. तिकडे किती शांतपणे लोक धर्म सोडून राहतात ते सांगावं.

मी शिकत होते त्या गावातल्या एका जुन्या चर्चचं चक्क पब झालंय, हे मी उत्साहानं सांगितलं. रंगीत काचा तशाच, बाक तेच, आणि वेदीच्या जागी बिअरचे नळ.

येशूचं नाव घेत आंटींनी कानांवर हात ठेवले. "ईशो! चर्च में दारू?"

हमीदभाईंनी गाडी चालवता चालवता जरा विचार केला. "सोय चांगली हाय पण," ते म्हणाले. "पाप करायचं आणि तिथल्या तिथं कबूल करून घरी जायचं. दोन फेऱ्या नकोत."

आंटी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. हमीदभाईंशी बोलल्या!

•

मग मी मोरागची गोष्ट सांगितली. मोराग माझी तिथली रूममेट. कट्टर नास्तिक, देवाचं नाव काढलं की भांडायला उठणार. आणि दर रविवारी चर्चच्या कॉयरमध्ये गायला जाणार! मला हे कळलं तेव्हा मी हादरलेच होते. असं ढोंग? तिला विचारलं तर म्हणाली, "गाणी सुंदर आहेत. शिवाय नंतर केक असतो."

मला राहवलं नाही. मी थेट तिथल्या पाद्रीबाईंना जाऊन विचारलं, तुमच्या कॉयरमध्ये नास्तिक गातात हे तुम्हाला माहीत आहे का?

त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माहीत आहे गं. पण करू काय? श्रद्धाळू आहेत ते सगळे बेसूर आहेत!"

गाडीत हशा झाला. आंटीही हसल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "जोबिन भी कॉयर में गाता था. इधर, रुवी के चर्च में. फर्स्ट रो."

•

सोमणकाका या सगळ्यात कधी पडत नसत. एकदा मीच त्यांना पकडलं. "काका, तुम्ही तरी सांगा. तुम्हाला काय पुरावा वाटतो देवाचा?"

"पुरावा?" काका म्हणाले. "कसला पुरावा? मला नाही वाटत असं कोणी असेल."

मी सीटवरून पुढे सरकले. "मग हे रोजचं अथर्वशीर्ष?"

"ते बाबांनी पाठ करून घेतलंय. बाबा गेले. आता मी नाही म्हटलं तर कोण म्हणणार?"

देव न मानणारा एक माणूस इतके दिवस माझ्या पुढच्या सीटवर बसून गणपतीचं स्तोत्र म्हणत होता! मी अजून सावरतेय तोवर हमीदभाई म्हणाले, "आणि काका, आज मधली एक ओळ गाळलीत तुम्ही. कालपण गाळली होतीत."

काकांनी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. "खरंच की!"

रोज ऐकून ऐकून हमीदभाईंचं पाठ झालं होतं.

•

आमचे साहेब नासर, ओमानी, फार शांत माणूस. रमजानमध्ये मी त्यांच्या केबिनमध्ये एका ड्रॉइंगवर सही घ्यायला गेले. त्यांनी सहज विचारलं, तुमच्याकडे उपास कधी असतात? झालं. मी माझं सगळं म्हणणं मांडलं. देव आहे असं म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही, माहीत नाही म्हणते. बोलून झाल्यावर भान आलं. आपण नक्की कुठल्या देशात हे बोलतोय?

नासरसाहेबांनी सही केली. पेनाला टोपण लावलं.

"तो आहे की नाही हे तुला माहीत नाही," ते म्हणाले. "ठीक. तू आहेस हे त्याला माहीत आहे. खलास!"

आणि कागद माझ्याकडे सरकवला.

•

लग्न जवळ आलं तशा जेसी आंटी वाळत चालल्या. डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. एका दुपारी त्यांनी स्वतःच जोबिनचा नंबर मला दिला. "तुम लोग सेम-सेम है. तुम बोलो उसको. फादर के सामने एक बार खड़ा हो जाओ, बस. मानना नहीं है तो मत मानो."

मी फोन केला. खरं सांगायचं तर त्याला शाबासकी द्यायला.

जोबिननं मला भलतंच ऐकवलं. म्हणाला, इकडे नोराची आईसुद्धा चिडली आहे. ती स्वतः कैक वर्षांत चर्चला गेलेली नाही, पण लग्न मात्र चर्चमध्येच हवं! पाद्रीही म्हणाले, विश्वास नसला तरी या, बाक नाहीतरी रिकामेच असतात.

"मग जायचं ना!" माझ्या तोंडून निघून गेलं. मी! मी हे म्हणाले!

"कसं जाणार?" जोबिन म्हणाला. "इथल्या लोकांना चालतं, त्यांच्यासाठी ती नुसती सुंदर इमारत आहे. माझी अम्मा त्या देवाशी रोज बोलते. तिचा देव आहे तो. त्याच्यासमोर उभं राहून खोटं कसं बोलू?"

दुसऱ्या दिवशी गाडीत मी हे आंटींना शब्दाला शब्द सांगितलं. 

"झूठ नहीं बोलता वो," आंटी म्हणाल्या. "मैंने ही सिखाया." आणि पर्समधून रुमाल काढला.

"मग जा की लग्नाला!" सोमणकाका म्हणाले.

"नहीं," आंटी म्हणाल्या.

•

लग्न गुरुवारी होतं. आंटी नेहमीसारख्या ऑफिसात आल्या, नेहमीसारखं काम केलं. त्यांना काही विचारायची आमची कोणाची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी परत येताना, डोंगराच्या चढावर, त्यांच्या पर्समध्ये फोन वाजला. व्हिडिओ कॉल. आंटी नुसत्या नावाकडे बघत राहिल्या. फोन वाजून बंद झाला. पुन्हा वाजायला लागला.

हमीदभाईंनी वरच्या मोकळ्या जागेत गाडी वळवली आणि इंजिन बंद केलं. "उचला, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही उचलल्याशिवाय गाडी नाय हलणार."

आंटींनी उचलला.

सूट घातलेला जोबिन. शेजारी हिरव्या ड्रेसमध्ये नोरा. मागे चष्मा लावलेल्या रजिस्ट्रारबाई. सह्या व्हायच्या बाकी होत्या. जोबिन काहीच बोलेना, आंटीही बोलेनात. मग रजिस्ट्रारबाईच पुढे झाल्या. फार गोड आवाजात म्हणाल्या, आई दोन शब्द बोलणार असेल तर आम्हाला आनंदच आहे. फक्त प्रार्थना नको, देवाच्या नावानं आशीर्वाद नको. सरकारी लग्नाचा तसा नियमच आहे, माफ करा.

आंटींनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. त्यांच्याकडे देवाशिवायचं एकही वाक्य नव्हतं!

"माशाल्ला म्हणा," हमीदभाई कुजबुजले, आणि लगेच, "नको, नको, ते पण नाय चालायचं."

"शुभं भवतु," सोमणकाका म्हणाले. "छे, ते कोणाच्या कृपेनं, असं विचारतील."

मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं. गाडीतली तज्ज्ञ मीच ना! इतकी पुस्तकं, इतकी भाषणं, इतके वाद. देवाचं नाव न घेता एका आईनं मुलाला काय म्हणायचं?

"काँग्रॅच्युलेशन्स?" मी म्हणाले.

कोणी माझ्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही.

तेवढ्यात जोबिननं, रजिस्ट्रारबाईंच्या समोर, मान वाकवली आणि कपाळ कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणलं. पडदाभर नुसतं कपाळ. तो शाळेत जायला निघाला, परीक्षेला निघाला, आयर्लंडच्या विमानात बसायला निघाला, तेव्हा दर वेळी आंटींनी त्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला होता. आपल्याकडे पोराला अंगारा लावतात तसा. एक उभी रेघ, एक आडवी. तोंडानं काहीही म्हणायचं नसतं.

आंटींचा अंगठा फोनच्या काचेवर टेकला. त्यांनी उभी रेघ ओढली. सावकाश, वरून खाली. आणि खाली येता येता अंगठा थेट लाल बटणावर गेला.

कॉल कट!

काळा पडदा. आंटी त्याच्याकडे बघत राहिल्या. 

फोन वाजला. आंटींनी उचलला. कपाळ अजून तिथंच होतं, तसंच वाकलेलं.

"अम्मा," जोबिन म्हणाला, "परत कर. अर्धाच झाला."